मानेवरचं पुरळ आणि जुने खाकी शर्ट: दर सप्टेंबरला होणाऱ्या त्रासाचं मूळ

कार्यक्रम होतो, जुना खाकी शर्ट काढून घडी घालून ठेवतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मानेच्या मागे, बरोबर कॉलरच्या खाली, आग व्हायला लागते. खाज इतकी की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मग पाणी भरलेले बारीक फोड, मग खपली, आणि शेवटी महिना-दोन महिने राहणारा काळा डाग. पुढच्या वर्षी तोच शर्ट, तीच जागा, तोच त्रास. महायुद्धाच्या काळातले सुती लष्करी गणवेश जमवणाऱ्या आणि प्रसंग उभा करण्यासाठी ते अंगात घालणाऱ्या कुणाला असं होत असेल, तर हे सगळं सावकाश वाचा. आमची यात चार वर्षं गेली.

आधी आमच्याबद्दल थोडं. छत्रपती संभाजीनगरातला आमचा सात-आठ जणांचा गट आहे. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्तानं, आम्ही शाळा-महाविद्यालयांत १९४८ च्या त्या पाच दिवसांतले प्रसंग उभे करतो. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून भारतीय फौज निजामाच्या हैदराबाद संस्थानात आत आली आणि नळदुर्गला पहिली चकमक झाली, तो प्रसंग मुलांना सगळ्यात जास्त आवडतो. त्या वेळच्या भारतीय सैनिकाच्या अंगावरचं सामान ब्रिटिश काळातलंच होतं: खाकी ड्रिलचे (म्हणजे जाड विणीच्या सुती कापडाचे) शर्ट, गुडघ्यापर्यंतची हाफ पँट, पायाला पट्ट्या, आणि १९३७ च्या नमुन्याचे जाड सुती पट्टे व पिशव्या. आमच्याकडे त्यातले चार शर्ट आणि दोन हाफ पँट अस्सल आहेत. काही मुंबईच्या चोरबाजारातून आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून एकेक करून आणलेले, एक ओळखीच्या घरातल्या ट्रंकेतून मिळालेला. बाकीचे शर्ट आम्ही इथल्याच शिंप्याकडून शिवून घेतलेत.

त्रास फक्त अस्सल कपड्यांनी व्हायचा. शिवून घेतलेल्यांनी कधीच नाही. आणि इथेच आमची वाट चुकली. सगळ्यांना वाटलं, कापड जुनं आहे, त्यातच काहीतरी आहे. एकाच्या आईनं तर स्पष्ट सांगितलं, मेलेल्या माणसाचे कपडे अंगाला लावू नका. त्यांच्या काळजीचा मला आजही आदर वाटतो, कारण त्यांच्या मुलाची मान खरोखर पाहवत नव्हती.

पहिल्या वर्षी कुणालाच काही झालं नव्हतं. दुसऱ्या वर्षी दोघांना झालं आणि आम्ही घामोळं म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या वर्षी खळीवर संशय घेतला. खाकी ड्रिलला कडक खळ आणि कडक इस्तरी ही त्या काळची रीतच होती, आम्हीही कॉलर पुठ्ठ्यासारखी करायचो. त्या वर्षी खळ बंद केली. पुरळ उठलंच. चौथ्या वर्षी साबण बदलला, बोअरचं जड पाणी बंद करून शेवटचं खळबळणं साठवलेल्या पावसाच्या पाण्यात करा असं धुणाऱ्याला सांगितलं, ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्या काढून टाकल्या, कपडे दोन दिवस वाऱ्यावर टांगले. तरीही उठलं, आणि या वेळी तिसऱ्याच माणसाला.

फुकट गेली नाही ती फक्त नोंदवही. आमच्यातले एक गणिताचे शिक्षक आहेत, त्यांनी पहिल्या वर्षापासून कुणी कोणता शर्ट घातला, कधी घातला, किती वेळ घातला, हे लिहून ठेवलं होतं. ती वही आम्ही चौथ्या वर्षी पहिल्यांदा नीट वाचली. तीन गोष्टी डोळ्यांसमोर आल्या.

एक, पहिल्यांदाच शर्ट घालणाऱ्याला त्या वर्षी काही होत नव्हतं. त्रास व्हायचा तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी. घाम, खळ, साबण यांना असा धीर नसतो, त्यांचा त्रास पहिल्याच दिवशी होतो. दोन, पुरळ कार्यक्रमाच्या दिवशी कधीच उठलं नव्हतं, एक-दोन दिवस मध्ये गेल्यावरच उठायचं. आणि तीन, जागा. मानेवर सगळीकडे नाही. मणक्याच्या किंचित डावीकडे, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत सुरुवात, मग पसरणं. ज्या एकाला कमरेवर झालं होतं, त्याला मागच्या बाजूला उजवीकडे, तेही तेवढ्याच जागेत.

आम्ही शर्ट उलटा केला आणि त्या जागी बोट ठेवलं. कॉलरच्या आतल्या बाजूला, मणक्याच्या किंचित डावीकडे, दोन ठिपके आणि एक आडवी रेघ. हाफ पँटच्या पट्टीत मागे उजवीकडे तशीच खूण. परटाची खूण.

त्या दिवशी माझी आत्या अंबाजोगाईहून आली होती. तिनं त्या मुलाची मान पाहिली आणि काहीही न विचारता म्हणाली, "अरे, हा तर बिबा उतलाय."

बिबा आपल्याकडे कुणाला नवा नाही. दारावर लिंबू-मिरचीसोबत ओवलेला काळा बिबा रोज दिसतो, हिवाळ्यात लाडवात गोडंबी असते ती याच फळाच्या आतली. बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांचे काळे पडलेले, सोललेले हात आत्यानं लहानपणापासून पाहिलेले. तिला ओळखायला क्षण लागला नाही. आम्ही मात्र चार वर्षं साबणाच्या वड्या बदलत बसलो होतो, कारण शर्टाचा आणि बिब्याचा संबंध आमच्या डोक्यातच येत नव्हता.

संबंध असा आहे. बिब्याच्या सालीत दाट, चिकट रस असतो. तो हवेत काळा पडतो, आणि त्यावर चुन्याचं पाणी लावलं की कापडावर असा बसतो की भट्टी लावली तरी जात नाही. म्हणून शेकडो वर्षं परीट आणि धोबी कपड्यावर गिऱ्हाइकाची खूण करायला बिबा वापरत आले. इंग्रजीत या फळाचं नावच खूण करायचं फळ अशा अर्थाचं आहे. त्या रसातली द्रव्यं काही लोकांच्या अंगाला चालत नाहीत. पहिल्यांदा लागलं की शरीर फक्त ओळख करून घेतं, त्याला दहा-पंधरा दिवस लागतात. त्यानंतर पुन्हा लागलं की एक-दोन दिवसांत पुरळ उठतं. वहीतल्या पहिल्या दोन कोड्यांचं उत्तर हेच होतं. डॉक्टर याला अ‍ॅलर्जिक काँटॅक्ट डरमॅटायटिस म्हणतात.

पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, हा त्रास आमच्याआधी, त्या काळी, गणवेश रोज घालणाऱ्यांनाही झाला होता. दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या अमेरिकन सैनिकांना मानेवर, कमरेवर असंच पुरळ उठायचं, आणि १९४३ मध्ये त्यांच्या लष्करी डॉक्टरांनी ते धोब्याच्या खुणेमुळे होतं असं वैद्यकीय नियतकालिकात लिहूनही ठेवलं. म्हणजे आम्ही नळदुर्गचा प्रसंग उभा करताना, आमच्या नकळत, त्या काळच्या सैनिकाचं एक दुखणंही उभं करत होतो. मला ही गोष्ट फार लागली.

आमच्या बाबतीत खूण जुनी की नवी? दोन्ही. अस्सल कपडे आम्ही जुन्या शहरातल्या एका वयस्कर परीटकाकांकडे द्यायचो, कारण ऐंशी वर्षांच्या कापडावर हात कसा चालवायचा हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. शिवलेले शर्ट घरीच मशीनमध्ये. काका अजून बिब्यानंच खूण करतात. खाकीवर मागच्या वर्षीची खूण नीट दिसत नाही, म्हणून तालमी सुरू व्हायच्या आधी धुवायला गेलेल्या कपड्यावर ते दरवर्षी तीच खूण नव्यानं ओढायचे. अंगात घालायच्या वेळी ती जेमतेम दोन आठवड्यांची असायची. एका शर्टावर त्याआधीच्या, अनोळखी हातांच्या खुणाही आहेत, त्याचं पुढे सांगतो.

तुमच्याकडे कारण बिबाच आहे हे कसं ठरवायचं

जागा पाहा, दुसरं काही करण्याआधी. घामोळं पट्ट्याखाली, काखेत, पाठीवर पसरून उठतं आणि सावलीत बसलं की दोन दिवसांत ओसरतं. खळीच्या कडक कॉलरनं मान घासली तर गळ्याच्या दोन्ही बाजूंना रेघ उमटते, फोड येत नाहीत. साबण राहिला असेल किंवा नव्या शिवलेल्या कापडाचा रंग चालत नसेल तर काखेची कड, कोपराची घडी, मांडीची आतली बाजू, म्हणजे जिथे कापड सतत घासतं तिथे त्रास होतो. बेंबीखाली बकलाच्या आकाराचं पुरळ असेल तर धातू पाहा. १९३७ च्या पट्ट्यांचं सामान पितळी होतं, पण हल्लीच्या नकली बकलांवर बऱ्याचदा निकेलचा मुलामा असतो आणि निकेल अनेकांना चालत नाही. पायाच्या पट्ट्यांनी फक्त पोटऱ्यांना खाज येत असेल तर ती लोकर आहे, आतून पातळ सुती मोजा घाला.

पुरळ एकाच छोट्या जागी सुरू झालं, एक-दोन दिवस उशिरा झालं, त्यात फोड आले, आणि कपडा उलटा केल्यावर नेमकी तिथेच खूण सापडली, तर दुसरं काही शोधू नका. त्या माणसाला एवढं विचारा: आंब्याच्या चिकानं तुझे ओठ उठतात का? आंबा, काजू आणि बिबा एकाच कुळातले आहेत, आणि एकाचा चीक न चालणाऱ्याला दुसऱ्याचा न चालण्याची शक्यता असते. आमच्यातल्या ज्याची मान सगळ्यात जास्त गेली, तो लहानपणापासून केशर आंबा सोलून कापूनच खातो. कोय चोखली की तोंड येतं म्हणून. हे आम्हाला चौथ्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

खात्री करायला म्हणून बिब्याचा रस अंगावर लावून बघू नका. आमच्यातल्या एकानं मनगटावर टिपका लावायची तयारी केली होती, आत्यानं हात धरला. तपासणी करायचीच असेल तर ती त्वचारोगतज्ज्ञाकडे.

खूण शोधताना कपडा उजेडाकडे धरून आतून पाहा. कॉलर, मागचा जोड, शर्टाचं खालचं टोक, हाफ पँटची पट्टी, मोज्याचा वरचा काठ. सरकारी शिक्के आणि परटाच्या खुणा यांत गल्लत होऊ देऊ नका. सरकारी शिक्क्यात तीन फाट्यांचा बाण असतो, माप असतं, कधी कारखान्याचं नाव आणि साल असतं, अक्षरं छापील असतात. परटाची खूण हातानं ओढलेली असते: ठिपके, रेघा, फुली, एखादं अक्षर. ती काळपट-तपकिरी असते, कापडाच्या आरपार जाते, आणि तिच्याभोवती बऱ्याचदा फिकट तपकिरी कडा दिसते. हे काम हातमोजे घालूनच करा.

खूण काढायची का?

माझं मत स्पष्ट आहे: काढायची नाही. आमच्यात यावर वाद झाला, दोघांना वाटत होतं की स्पिरिटनं पुसून टाकावी. बिब्याचा रस पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो, हे खरं आहे. पण विरघळणं म्हणजे निघून जाणं नव्हे. तो पातळ होऊन आजूबाजूच्या कापडात पसरतो, आणि नाण्याएवढी धोक्याची जागा तळहाताएवढी होते. शेजारी सरकारी शिक्का असेल तर त्याची शाईही उतरते. ब्लीचचा तर विचारच नको, खाकी चट्ट्याचट्ट्यानं फुटते आणि जुनं सूत तिथूनच विरतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. परटाची खूण हा त्या कपड्याच्या आयुष्याचा पुरावा आहे. तो कुणाच्या तरी अंगावर घामेजला, कुणीतरी तो दगडावर धुतला, सुकवला, मोजून परत दिला. खाकी ड्रिलच्या डगल्यांची पितळी बटणं कडीत अडकवलेली आणि काढता येण्यासारखी असत. धुलाईला देताना ती काढून ठेवायची, म्हणजे दगडावर आपटून फुटत नाहीत. त्या गणवेशाची रचनाच धुणाऱ्याला धरून केलेली होती. शिक्का कपडा कुणी बनवला ते सांगतो, खूण तो कुणी सांभाळला ते सांगते. बाजारात खोटे शिक्के मारलेले कपडे भरपूर मिळतात. खोटी परटाची खूण करायचं मात्र अजून कुणाला सुचलेलं मी पाहिलं नाही.

म्हणून आम्ही खूण झाकतो. जुन्या मांजरपाटाचे, चार-पाच वेळा धुऊन मऊ झालेले दोन तुकडे एकावर एक ठेवून खुणेच्या आतल्या बाजूला, चहूबाजूंनी तीन बोटं जास्त राहतील असे, हातानं टाचतो. दोरा सुती, टाके लांब आणि सैल, आणि सुई शक्यतो मूळ शिवणीच्या भोकांतूनच. नायलॉनचा दोरा जुन्या सुताला करवतीसारखा कापतो. चिकटपट्टी लावू नका, उन्हाळ्यात ती वितळते आणि तिचा गोंद कापडात उतरतो. हे ठिगळ कधीही काढता आलं पाहिजे. काढलं की हातमोज्यानं उचलून फेकायचं, परत वापरायचं नाही.

ठिगळ हा ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांच्यासाठीचा उपाय आहे. ज्याला एकदा बिबा उतला आहे, त्यानं ती खूण असलेला कपडा घालूच नये, ठिगळ असो वा नसो. ओळख झालेलं शरीर विसरत नाही, आणि त्याला लागणारी मात्रा फार थोडी असते. खूण कितीही जुनी असली तरी तिच्यावर विश्वास टाकू नका. आमच्यातल्या तिघांना आता शिवलेलेच शर्ट. त्यातल्या एकाला याचं खूप वाईट वाटलं, कारण ट्रंकेतला शर्ट त्याच्याच ओळखीतून आला होता. तो शर्ट आता लाकडी उभ्या सांगाड्यावर प्रदर्शनात असतो आणि मुलांना त्याची माहिती तोच देतो.

फोड आले असतील तर फोडू नका, साबणानं चोळू नका. तो कपडा अंगावर असेल तर लगेच काढा, मान आणि हात भरपूर पाण्यानं साबण लावून हलकेच धुवा, नखं कापा. आमच्याकडे खोबरेल आणि वाटलेले तीळ लावायची पद्धत आहे, त्यानं थंड वाटतं. पण पुरळ पसरत असेल, चेहऱ्याकडे किंवा डोळ्याकडे येत असेल, पू दिसत असेल, तर घरगुती काही न करता डॉक्टरकडे जा आणि सांगताना बिब्याचं नाव घ्या. आम्ही दोन वर्षं घामोळं म्हणून सांगत राहिलो आणि घामोळ्याचंच औषध घेत राहिलो.

पुढच्या वर्षी होऊ नये म्हणून

परीटकाकांना आम्ही जाऊन सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, स्वतःची काळी बोटं दाखवून म्हणाले, सगळ्यांना नाही चढत, पण ज्याला चढतो त्याला चढतो. आता ते आमच्या कपड्यांना खूण न करता चिंधी बांधतात. प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीत आम्ही पांढऱ्या नाडीचा तुकडा टाचून त्यावर दोऱ्यानं आकडा भरला आहे.

जे कपडे घरी धुतो, त्यांची पद्धत लिहून ठेवतो, कारण जुनं ड्रिल फाटतं ते बहुतेक वेळा धुण्यातच. आधी तासभर नुसत्या गार पाण्यात बुडवायचं, म्हणजे काखेतलं घामाचं मीठ सुटतं. मीठ राहिलं तर पुढच्या वर्षी कापड तिथेच पापडासारखं मोडतं. मग सौम्य साबण, टबात दाबून-दाबून, घासायचं नाही. तीन पाण्यांतून काढायचं, शेवटचं पावसाचं किंवा फिल्टरचं. पिळायचं तर अजिबात नाही. ओल्या कापडाचं वजन जुन्या शिवणीला झेपत नाही म्हणून दोरीवरही नाही, बाजेवर जुनी चादर टाकून सावलीत पसरायचं. खळ फक्त कार्यक्रमाच्या आधी, आणि कार्यक्रम झाला की धुऊन काढायची. खळ तशीच ठेवून घडी घातली तर कसर लागते. मागच्या पावसाळ्यात आमच्या एका शिवलेल्या शर्टाची कॉलर अशीच गेली, बिचाऱ्याचा बिब्याशी काही संबंध नव्हता.

एक गोष्ट पुरळाची नाही, पण याच कपड्यांची आहे. गणवेश फक्त प्रसंगापुरता घाला. एसटीत, रस्त्यावर, चहाच्या टपरीवर तो अंगावर नको. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूनं सैनिकासारखा पोशाख करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. आम्ही कार्यक्रमाचं पत्र पोलीस ठाण्यात आधी देतो आणि कपडे शाळेतच बदलतो.

गेल्या १७ सप्टेंबरला कुणाचीही मान उठली नाही. तालमी धरून तीन आठवडे आम्ही रोज एकमेकांच्या कॉलरखाली पाहत होतो. कार्यक्रम झाल्यावर गणिताच्या शिक्षकांनी वहीत त्या वर्षापुढे फक्त "निरंक" लिहिलं.

ट्रंकेतल्या त्या शर्टावर आमच्या काकांच्या खुणेशेजारी एक जुनी खूण आहे, तीन ठिपके आणि वर छोटी फुली. कोणत्या गावच्या परटानं, कुणाच्या कपड्यावर ती ओढली, हे आता कळणं शक्य नाही. सैनिकाच्या शर्टावर परटाची खूण असलीच पाहिजे, नाहीतर तो शर्ट खरा वाटत नाही, हे मात्र आम्हा सगळ्यांना पटलं होतं. म्हणून शिवलेल्या शर्टांच्या कॉलरमागे आम्ही तीच खूण घातली आहे. तीन ठिपके, वर फुली, काळ्या दोऱ्यानं भरलेली.